चूर्ण विवर्तनातील अतिसंरचना परावर्तनांचे निर्देशांकन : संगणकीय आज्ञावलींच्या निष्पत्तीचे चिकित्सक मूल्यमापन

सारांश

चूर्ण विवर्तन आलेखात मूळ एकक कोष्ठिकेने उलगडत नाहीत अशी क्षीण परावर्तने दिसू लागली, की त्यांच्या स्थानांवरून संचरण सदिश शोधून देणाऱ्या आज्ञावली आज विनामूल्य उपलब्ध आहेत. फुलप्रॉफ संचातील के-सर्च ही त्यांपैकी विशेष प्रचारात असलेली आज्ञावली होय. प्रस्तुत लेखात तिची कार्यपद्धती, तिचे सामर्थ्य आणि तिच्या निष्पत्तीचा अर्थ लावताना होणारी गल्लत यांची चिकित्सा केली आहे. आज्ञावली उमेदवारांची यादी देते, निवाडा देत नाही. आणि यादीतील पहिल्या ओळीला निवाडा मानणे ही संशोधनपद्धतीतील त्रुटी आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : चूर्ण विवर्तन, अतिसंरचना, संचरण सदिश, न्यूट्रॉन, आर-गुणांक, प्रतिलोहचुंबकत्व.

प्रस्तावना

ह्यूगो रीटव्हेल्ड यांनी १९६९ मध्ये संपूर्ण आलेखाच्या परिष्करणाची पद्धत सविस्तर मांडल्यापासून चूर्ण विवर्तनाचे स्वरूप पालटले. पूर्वी मुख्यतः पदार्थ ओळखण्यासाठी वापरले जाणारे हे तंत्र संरचनानिश्चितीचे साधन बनले. संगणक स्वस्त झाले, आज्ञावली मोफत मिळू लागल्या आणि हे साधन महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या आवाक्यात आले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टी १९८५ मध्ये कार्यान्वित झाली. यूजीसी-डीएई कन्सोर्शियम फॉर सायंटिफिक रिसर्च या संस्थेच्या मुंबई केंद्रामार्फत विद्यापीठांतील संशोधकांना तेथील न्यूट्रॉन किरणपुंजांचा उपयोग करता येऊ लागला. त्यामुळे चुंबकीय पदार्थांवर काम करणाऱ्या अध्यापकाच्या हाती न्यूट्रॉन विवर्तनाचा आलेख येणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही.

आलेख हाती आल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो तो नव्या रेषांचा. नीच तापमानाच्या आलेखात ज्या ज्यादा रेषा दिसतात त्या कशाच्या? त्यांचे निर्देशांक कोणते? या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर पुढील सममितीचे विश्लेषण, परिबलांची दिशा, त्यांवरून काढलेले भौतिक निष्कर्ष हे सर्व डोलारे वाळूवर उभे राहतात. म्हणूनच निर्देशांकनाची पायरी यांत्रिक समजून ओलांडणे योग्य नाही.

त्रिमितीतून एकमितीत

अतिसंरचना म्हणजे मूळ जालकावर बसलेली, त्याहून मोठ्या आवर्तनाची रचना. मिश्रधातूतील अणू आपापल्या जागा ठरवून घेतात तेव्हा, पेरोव्हस्काइटमधील अष्टफलके कलतात तेव्हा, किंवा चुंबकीय परिबले आलटून पालटून उलट दिशांना वळतात तेव्हा ती निर्माण होते. व्यस्त जालकातील प्रत्येक बिंदूभोवती तिच्यामुळे उपग्रह बिंदू उमटतात. मूळ बिंदूपासून उपग्रहापर्यंतचे अंतर व दिशा ज्याने सांगितली जाते तो संचरण सदिश. एक सदिश कळला की सर्व उपग्रहांची स्थाने कळतात, हे या संकल्पनेचे बळ आहे.

एकस्फटिकाच्या विवर्तनात हा सदिश थेट मोजता येतो. चूर्णात मात्र असंख्य स्फटिककण सर्व दिशांना विखुरलेले असतात. त्यामुळे सदिशाची दिशा पुसली जाते आणि फक्त लांबी उरते. आज्ञावलीला या लांब्यांवरून हरवलेल्या दिशा परत मिळवायच्या असतात. येथे एक साधा हिशेब ध्यानात ठेवला पाहिजे. सदिशाला तीन घटक असतात. आलेखात एकच उपग्रह दिसत असेल, तर व्यस्त अवकाशातील एका गोलपृष्ठावरचा कोणताही सदिश त्याला चालतो. दोन असतील तर वक्ररेषेवरचे सदिश उरतात. तीन असतील तर काही सुटे बिंदू उरतात. तीन अज्ञात संख्यांनी तीन रेषा जुळवणे हा पुरावा नव्हे. ते केवळ समीकरणे सोडवणे होय. पुराव्याची सुरुवात चौथ्या रेषेपासून होते.

आज्ञावलीची कार्यपद्धती

फुलप्रॉफ हा संच हुआन रोद्रिगेझ-कार्वाहाल यांनी विकसित केला. १९९३ मध्ये त्यांनी चुंबकीय संरचनानिश्चितीवर प्रसिद्ध केलेला निबंध या विषयातील विशेष उद्धृत केल्या जाणाऱ्या लेखनांत गणला जातो. संचरण सदिश शोधण्यासाठी त्यांनी प्रथम सुपरसेल ही आज्ञावली दिली. के-सर्च ही तिची पुढील पायरी. वापराची रीत सुटसुटीत आहे. विनप्लॉटर या आलेखदर्शक आज्ञावलीत उपग्रह परावर्तनांची स्थाने टिपायची, मूळ कोष्ठिकेची मापे आणि जालकाचा प्रकार द्यायचा आणि शोध सुरू करायचा. आज्ञावली ब्रिलुआं क्षेत्रातील सदिश एकेक करून घेते, प्रत्येकासाठी उपग्रहांची स्थाने गणिताने काढते आणि ती निरीक्षित स्थानांशी ताडून पाहते. उच्च सममितीच्या विशेष बिंदूंचा आधी विचार करण्याची सोयही तीत आहे. शेवटी उमेदवार सदिशांची यादी आर-गुणांकाच्या चढत्या क्रमाने समोर येते.

ही पद्धत प्रामाणिक आहे. हाताने करायचे म्हटले तर दिवसचे दिवस खाणारे काम ती क्षणार्धात करते आणि संशोधकाच्या पूर्वग्रहांपासून अलिप्त राहून सर्व क्षेत्र धुंडाळते. तिच्यावर आक्षेप घ्यायचा नसून, तिच्या उत्तराकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो याचाच विचार येथे कर्तव्य आहे.

मँगनीज ऑक्साइडचा आदर्श नमुना

या संपूर्ण क्षेत्राचा आरंभ ज्या प्रयोगाने झाला तो येथे तपासणे उद्बोधक ठरेल. क्लिफर्ड शल आणि जे. सॅम्युएल स्मार्ट यांनी १९४९ मध्ये मँगनीज ऑक्साइडच्या चूर्णाचे न्यूट्रॉन विवर्तन आलेख प्रसिद्ध केले, एक कक्ष तापमानाचा आणि दुसरा ८० केल्व्हिनचा. या पदार्थाचे संक्रमण तापमान ११८ केल्व्हिनच्या आसपास आहे. थंड आलेखात ज्या नव्या रेषा दिसल्या, त्या ४.४३ अँगस्ट्रॉमच्या रासायनिक कोष्ठिकेने उलगडेनात. कोष्ठिकेची प्रत्येक बाजू दुप्पट, म्हणजे सुमारे ८.८५ अँगस्ट्रॉम धरल्यावर मात्र सर्व जुळल्या. आजच्या भाषेत संचरण सदिश (१/२ १/२ १/२). प्रतिलोहचुंबकत्वाचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा होय. शल यांना पुढे १९९४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या सदिशाचे घटक सममितीने बांधलेले आहेत. त्यांत एकही मुक्त संख्या नाही. कोष्ठिकेचे माप मूळ रेषांवरून आधीच ठाऊक आहे. नव्या रेषांच्या प्रतलांतरांच्या व्यस्त वर्गांचे प्रमाण ३ : ११ : १९ : २७ असे असले पाहिजे, हे मोजणीपूर्वीच सांगता येते. म्हणजे जुळलेली प्रत्येक रेषा ही एक स्वतंत्र कसोटी ठरते. यावरून एक व्यवहार्य नियम निघतो. निरीक्षित उपग्रहांच्या संख्येतून सदिशाच्या मुक्त घटकांची संख्या वजा करावी. उरते ती पुराव्याची खरी संख्या.

मात्र याच नमुन्यात दुसरा धडाही आहे. शल आणि सहकाऱ्यांनी १९५१ च्या सविस्तर निबंधात परिबले घनाच्या कडेला समांतर मानली होती. १९५८ मध्ये रॉथ यांनी ती (१११) प्रतलात असल्याचे दाखवले. सदिश बरोबर होता, तरी संरचनेचे चित्र अपुरे होते. पुढच्याच वर्षी शिराने यांनी घन सममितीच्या चूर्ण आलेखावरून परिबलाची दिशा ठरवताच येत नाही, हे सिद्ध केले. बिनचूक निर्देशांकनानंतरही काय अनिर्णीत राहते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

आर-गुणांक काय सांगतो?

आर-गुणांक निरीक्षित आणि गणित स्थानांमधील विसंगती मोजतो. तो लहान असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. कारण उघड आहे. घन सममितीच्या पदार्थात सर्वसाधारण, म्हणजे कोणत्याही विशेष रेषेवर वा बिंदूवर नसलेला सदिश घेतला, तर त्याचे सममितीने समतुल्य असे ४८ सदिश होतात. व्यस्त जालकाच्या प्रत्येक बिंदूभोवती ४८ उपग्रह दाटीने उभे राहतात. अशा गर्दीत निरीक्षित रेषा कोणत्या ना कोणत्या गणित रेषेच्या शेजारी पडणारच. म्हणजे सदिश जितका कमी सममित, तितके त्याला लहान आर-गुणांक मिळवणे सोपे. गुणवत्ता यादीत जो वरचा क्रमांक त्याला मिळतो तो गुणवत्तेचा नसून गर्दीचा असू शकतो.

साध्या निर्देशांकनाच्या क्षेत्राने ही अडचण फार पूर्वी ओळखली. द वोल्फ यांनी १९६८ मध्ये सुचवलेला गुणांक विसाव्या रेषेपर्यंतचा विचार करतो. त्यात सरासरी विसंगतीबरोबर त्या मर्यादेपर्यंत संभवणाऱ्या रेषांची संख्याही छेदात ठेवली आहे. अवाढव्य कोष्ठिकेने रेषा जुळवल्या तर तिला दंड होतो. हा गुणांक १० पेक्षा अधिक आणि न जुळलेल्या रेषा दोहोंपेक्षा अधिक नसतील तर कोष्ठिका बहुतांशी बरोबर मानावी, असा संकेत त्यावरूनच रूढ झाला.

मग हाच दंड उपग्रहांच्या शोधातही सरसकट लावावा काय? येथे प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. न्यूट्रॉनच्या चुंबकीय विकिरणात परिबलाचा विवर्तन सदिशाला लंब असलेला घटकच भाग घेतो. परिबले संचरण सदिशाच्या दिशेतच असतील, तर मूळ बिंदूजवळचा पहिला उपग्रह पूर्णपणे नाहीसा होतो. म्हणजे अपेक्षित रेषा न दिसणे हा कधी सदिशाविरुद्धचा पुरावा असतो, तर कधी परिबलाच्या दिशेचा संकेत असतो. हा भेद केवळ स्थानांवरून करता येत नाही. त्यासाठी तीव्रता विचारात घ्यावी लागते. स्थानांवर चालणाऱ्या आज्ञावलीची मर्यादा ही रचनाकाराची हयगय नसून प्रश्नाच्याच स्वरूपातून आलेली आहे. म्हणून न दिसलेल्या रेषांची जबाबदारी आज्ञावलीवर न टाकता संशोधकाने स्वतः उचलली पाहिजे. प्रत्येक प्रमुख उमेदवारासाठी संभाव्य रेषांची यादी काढावी. त्यांतील किती दिसल्या, किती दिसल्या नाहीत आणि का, याचा जाब द्यावा.

अर्ध्या तरंगलांबीचा आभास

आज्ञावलीला दिलेली यादीच दूषित असेल तर उत्तर कितीही सुबक असले तरी व्यर्थ. अशुद्ध द्रव्याच्या रेषांचा धोका सर्वपरिचित आहे. त्याहून फसवा धोका किरणपुंजातील अर्ध्या तरंगलांबीच्या अंशाचा आहे. एकवर्णीकारक स्फटिक इष्ट तरंगलांबीबरोबर तिच्या निम्म्या लांबीचे न्यूट्रॉनही काही प्रमाणात पुढे धाडतो. त्यांच्यामुळे मूळ रेषेचे एक फिकट प्रतिबिंब अशा कोनावर उमटते की ते दुप्पट प्रतलांतराची रेषा भासावे.

मँगनीज ऑक्साइडमध्ये (१११) परावर्तनाचे प्रतलांतर सुमारे २.५६ अँगस्ट्रॉम आहे. अर्ध्या तरंगलांबीचे त्याचे प्रतिबिंब ५.१२ अँगस्ट्रॉमच्या जागी पडते, आणि नेमकी तीच (१/२ १/२ १/२) या चुंबकीय उपग्रहाची जागा आहे. (३११) चे प्रतिबिंब (३/२ १/२ १/२) च्या जागी पडते. अशी यादी आज्ञावलीला दिली तर ती अत्यल्प आर-गुणांकासह (१/२ १/२ १/२) हेच उत्तर देईल. तिच्या दृष्टीने ते उत्तर अचूकच असेल, कारण जुळणी अपघाताची नसून भूमितीची आहे. आभास आणि सत्य यांत फरक करणारी एकच गोष्ट म्हणजे तापमान. प्रतिबिंब संक्रमण तापमानाच्या वरही राहते, चुंबकीय उपग्रह राहत नाही. शल आणि स्मार्ट यांनी दोन तापमानांचे आलेख शेजारी शेजारी ठेवले, यातच त्यांच्या युक्तिवादाचे सामर्थ्य होते. सिलिकॉन (३११) किंवा जर्मेनियम (३३१) यांसारखे एकवर्णीकारक वापरल्यास ही अडचण मुळातच टळते, कारण त्यांची दुसऱ्या क्रमाची परावर्तने हिऱ्याच्या जालकात निषिद्ध आहेत. उपकरणाचा हा तपशील संशोधकाला ठाऊक असला पाहिजे आणि तो लेखातही नोंदला गेला पाहिजे.

एकच सदिश, अनेक अर्थ

संचरण सदिश हा मूळ कोष्ठिकेच्या संदर्भातच अर्थपूर्ण असतो. वोलन आणि कोएलर यांनी १९५५ मध्ये लँथॅनम-कॅल्शियम मँगनाइटांच्या अभ्यासात चुंबकीय रचनांना ए, सी, जी इत्यादी नावे दिली. साध्या घन कोष्ठिकेच्या संदर्भात ए प्रकाराचा सदिश (० ० १/२), सी प्रकाराचा (१/२ १/२ ०), जी प्रकाराचा (१/२ १/२ १/२). परंतु याच पदार्थांची खरी कोष्ठिका समचतुर्भुजी, सुमारे चौपट घनफळाची असते. तिच्या संदर्भात या तिन्ही रचनांचा सदिश शून्य ठरतो. चुंबकीय रेषा तेव्हा अणुकेंद्रीय जालकाच्याच जागी पडतात आणि उपग्रह शोधणाऱ्या आज्ञावलीला शोधण्यासारखे काही उरत नाही. ‘उपग्रह आढळले नाहीत, म्हणून चुंबकीय क्रम नाही’ असे विधान त्यामुळे अंगलट येऊ शकते. कोष्ठिका न सांगता सदिश सांगणे म्हणजे आरंभबिंदू न सांगता अंतर सांगणे.

दुसरी गुंतागुंत कारणांची आहे. ग्लेझर यांनी १९७२ मध्ये पेरोव्हस्काइटांतील अष्टफलकांच्या कलण्याचे २३ प्रकारांत वर्गीकरण केले. लगतच्या थरांतील अष्टफलके विरुद्ध दिशांनी कलली तर (१/२ १/२ १/२) प्रकारची अतिसंरचना परावर्तने निर्माण होतात. जी प्रकारच्या चुंबकीय क्रमाचाही सदिश तोच. स्थानांवर चालणारी आज्ञावली या दोहोंत भेद करू शकत नाही. तो करायचा तर मोठ्या कोनांकडे पाहावे लागते, कारण चुंबकीय तीव्रता कोनाबरोबर झपाट्याने घटते, कलण्याची मात्र घटत नाही. ऑक्सिजनचे अणू क्ष-किरणांना क्षीण आणि न्यूट्रॉनांना ठळक दिसतात, हेही विसरता कामा नये. साध्या पितळातील सुव्यवस्थित रचनेत तांबे आणि जस्त यांचे अणुक्रमांक २९ व ३० असल्याने क्ष-किरणांत अतिसंरचना रेषेचे मूळ रेषेशी प्रमाण ढोबळमानाने साडेतीन हजारांत एक पडते. न्यूट्रॉनांत तेच सुमारे त्रेचाळीसांत एक असते. दोन्ही आलेखांना आज्ञावली एकच. एकाची यादी कोरी राहील, दुसऱ्याची भरेल.

दोन-सप्तमांशाचा प्रश्न

सदिशाचा घटक परिमेय की अपरिमेय, हा प्रश्न केवळ गणिती नाही. टर्बियम मँगनाइट हा पदार्थ २००३ मध्ये किमुरा आणि सहकाऱ्यांनी त्यातील चुंबकीय व विद्युतीय क्रमांचा निकट संबंध दाखवल्यापासून जगभर अभ्यासला गेला. त्यातील मँगनीज परिबलांचा सदिश (० क ०) असा असून क चे मूल्य ०.२८ च्या आसपास आहे. दोन-सप्तमांश म्हणजे ०.२८५७. फरक सुमारे ०.००६. या पदार्थाची संबंधित कोष्ठिकाबाजू सुमारे ५.८५ अँगस्ट्रॉम आणि तरंगलांबी १.४८ अँगस्ट्रॉम धरली, तर लहान कोनांवर हा फरक आलेखात फार तर ०.०८ अंशाचा दिसेल. उपकरणाचे शून्य-विचलन दुरुस्त केलेले नसेल तर तेवढी चूक त्यातच दडून जाते. आज्ञावली तीन-चार दशांश स्थळांपर्यंत आकडा छापते. ते दशांश तिचे आहेत, प्रयोगाचे नव्हेत. आकड्यापुढे अनिश्चितता लिहिली नाही, तर वाचकाने तो आकडा किती विश्वासाने घ्यावा?

उपाययोजना

यातून मार्ग आहे, आणि तो नव्या आज्ञावलीची वाट न पाहता चालता येतो. पहिल्या दोन-तीन उमेदवारांसह संपूर्ण आलेखाची ल बेल पद्धतीने जुळणी करावी. १९८८ मध्ये मांडल्या गेलेल्या या पद्धतीत तीव्रता मुक्त ठेवल्या जातात, परंतु आलेखातील प्रत्येक बिंदूला उत्तर द्यावे लागते. निवडक शिखरांच्या यादीपेक्षा ही कसोटी कठोर आहे. त्यानंतर बेसआयरेप्स, सारा, आयसोडिस्टॉर्ट यांसारख्या आज्ञावलींनी त्या सदिशाला कोणत्या सममिती शक्य आहेत हे काढावे आणि तीव्रतांचे परिष्करण करावे. उमेदवारांत निर्णय होत नसेल, तर इलेक्ट्रॉन विवर्तन वा एकस्फटिकाचा आधार घ्यावा. तोही नसेल तर प्रश्न अनिर्णीत असल्याचे स्पष्ट लिहावे. अनिर्णीत म्हणणे हा संशोधनाचा कमीपणा नव्हे.

प्रबंधाचे मार्गदर्शक आणि परीक्षक या नात्याने अध्यापकवर्गाने काही तपशिलांचा आग्रह धरावा असे प्रस्तुत लेखकास वाटते. टिपलेल्या उपग्रहांची स्थाने व त्यांची अनिश्चितता, वापरलेली मूळ कोष्ठिका, सदिशाचे मुक्त घटक, दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार व त्याला नाकारण्याचे कारण, आणि संक्रमण तापमानाच्या वरचा आलेख. एवढे पाच तपशील एका छोट्या कोष्टकात मावतात. ते नसतील तर ‘आज्ञावलीच्या साहाय्याने सदिश निश्चित केला’ हे वाक्य पुरावा म्हणून स्वीकारू नये.

समारोप

के-सर्चसारख्या आज्ञावलींनी चूर्ण विवर्तनातील एक कष्टप्रद काम सुलभ केले, याबद्दल त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु सुलभता आली म्हणून जबाबदारी हलकी झाली नाही. ती फक्त जागा बदलून यादीच्या आधी आणि यादीच्या नंतर गेली. आधी, कोणत्या रेषा द्यायच्या हे ठरवताना. नंतर, कोणता उमेदवार का स्वीकारायचा हे सांगताना. १९४९ च्या प्रयोगात संगणकीय शोध नव्हता, पण दोन तापमाने होती, सममितीने बांधलेला सदिश होता आणि प्रत्येक रेषेचा हिशेब होता. आज आपल्याकडे संगणकीय शोध आहे. उरलेल्या तीन गोष्टी मात्र आजही संशोधकालाच पुरवाव्या लागतात.